रात्री दोनचे पित्त: मटणाच्या अ‍ॅलर्जीचे निदान होईपर्यंतचे दहा महिने

माझ्या अंगावर पहिल्यांदा गांधी उठल्या त्या ४ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री, आणि त्या कशामुळे उठल्या हे कागदावर लिहून मिळाले ४ डिसेंबर २०२४ रोजी. मधल्या दहा महिन्यांत तीन मोठे झटके आले, चार डॉक्टर झाले, दोन चाचण्या वाया गेल्या आणि घरातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ एकेकदा संशयित ठरला. जेवण झाल्यावर चार-पाच तासांनी, सगळे घर झोपलेले असताना उफाळून येणारी मांसाची अ‍ॅलर्जी असते, हे मला त्या फेब्रुवारीत माहीत असते तर यातले पुष्कळसे टळले असते. ज्यांना रात्री-अपरात्री असेच ‘पित्त’ उठते आणि कारण सापडत नाही, त्यांच्यासाठी मी हे क्रमाने लिहीत आहे.

मी जुळे सोलापुरात राहते आणि एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. माहेर मंगळवेढा तालुक्यातले. तिथे भावाकडे आजही दहा-बारा शेळ्या आणि दोन म्हशी आहेत. लहानपणापासून मटण खात आले, कधी ढेकरसुद्धा वावगा आला नव्हता.

त्या रविवारी मावसभावाकडे कंदुरी, म्हणजे नवसाचे मटणाचे जेवण, होती. दिवसभर उन्हात उभे राहून डोके दुखत होते म्हणून संध्याकाळी मी एक वेदनाशामक गोळी घेतली. पंगत बसली तेव्हा साडेआठ झाले होते. ज्वारीची भाकरी, मटणाचा रस्सा, भात असे नेहमीचेच जेवण होते आणि मी नेहमीइतकेच जेवले. रात्री दोनच्या सुमारास तळहात खाजू लागल्याने जाग आली. आधी वाटले की डास असतील. पाच मिनिटांत तळपाय खाजू लागले, मग काखा, मग कंबर, आणि दिवा लावून पाहिले तर पोटावर बोटाच्या पेराएवढ्या लाल गांधी उठून एकमेकींत मिसळत होत्या. मावशी उठली. “पित्तच हाय ते, उन्हाचं बाधलंय,” म्हणत तिने आमसूल भिजवून त्याचे पाणी अंगाला चोळले. पहाटेपर्यंत सगळे ओसरले. शंभर जण त्याच भांड्यातले जेवले होते आणि कोणालाही काही झाले नव्हते, त्यामुळे मटणाचा विचार कोणाच्याही मनात आला नाही.

मार्च ते जून या काळात असे चार वेळा थोडे थोडे झाले. दर वेळी रात्रीच. एकदा नुसत्या गांधी, एकदा पोटात कळा आणि दोन उलट्या. गोंधळात टाकणारी गोष्ट ही की या चार महिन्यांत आमच्याकडे सात-आठ वेळा तरी मटण झाले होते आणि दर वेळी त्रास झाला नव्हता. आज कळते की मटण किती खाल्ले, त्यात चरबी किती होती, त्याच दिवशी वेदनाशामक गोळी घेतली होती का, दमणूक झाली होती का, यावर प्रतिक्रियेची तीव्रता बदलते. पण तेव्हा ‘कधी होते, कधी होत नाही’ म्हणजे अन्नाचा संबंध नाही, असाच अर्थ आम्ही लावला. मे महिन्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. तपासणीचे ५०० आणि औषधांचे ६४० रुपये झाले. त्यांनी जुनाट पित्ताचा विकार म्हणून महिनाभर रोज रात्री एक अ‍ॅलर्जीची गोळी दिली. त्या महिन्यात त्रास कमी झाला, आणि मूळ कारण आणखी झाकले गेले.

दुसरा मोठा झटका २८ जुलैचा. आषाढ संपत आला होता, पुढच्या रविवारी अमावास्या आणि मग श्रावण, म्हणून घरी नणंद-नंदावे जेवायला होते. मटण चांगले चरबीचे होते. साडेआठला जेवलो. रात्री एक वाजता मी उठले ती थेट मोरीकडे धावत. उलटी, जुलाब, अंगभर गांधी, ओठ सुजलेले, आणि कानात भुंगा फिरावा तसा आवाज. परत येताना दाराची चौकट धरली एवढे आठवते. माझ्या पतींनी शेजाऱ्यांची गाडी काढून जवळच्या रुग्णालयात नेले. रक्तदाब ८० वर ५० होता. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी मांडीत एक इंजेक्शन दिले आणि दहा मिनिटांत डोळ्यांपुढची अंधारी सरली. ते अ‍ॅड्रिनॅलिन होते हे मला नंतर केसपेपरवरून कळले. त्या डॉक्टरांनी माझा जीव वाचवला, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

दीड दिवस ठेवून घेतले, १४,८०० रुपये बिल झाले. घरी सोडतानाच्या कार्डावर मात्र निदान लिहिले होते ‘अन्नविषबाधा व पित्त’. तेव्हा आम्ही ते वाचलेही नाही. घरी सोडताना कार्ड नीट वाचा आणि अंगावर गांधी, रक्तदाब घसरणे, अ‍ॅड्रिनॅलिन दिले जाणे असे सगळे घडले असेल तर त्याची वेळेसकट नोंद कार्डावर करून मागा. ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’, म्हणजे सर्व शरीरावर एकदम आलेली तीव्र अ‍ॅलर्जी, हा शब्द त्या कागदावर असता तर पुढचे तीन महिने वाचले असते. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. झटक्यानंतर साधारण एक ते चार तासांत रक्तातील ट्रिप्टेज, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या झटक्यात पेशींतून सुटणारे द्रव्य, तपासले आणि पुढे बरे वाटल्यावर तेच पुन्हा तपासले, तर ती अ‍ॅलर्जीच होती का याला चांगला आधार मिळतो. त्या रात्री ते रक्त घेतले गेले नाही, आणि ती वेळ पुन्हा येत नाही.

श्रावणात घरात मांस शिजत नाही. महिनाभर मला काही झाले नाही आणि सगळ्यांना वाटले की औषध लागू पडले. तरीही रक्तदाबाचा तो आकडा माझ्या पतींच्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून ऑगस्टच्या अखेरीस आम्ही एका प्रयोगशाळेत साठ पदार्थांचे अ‍ॅलर्जी पॅनेल केले. ४,२०० रुपये, अहवाल पाच दिवसांनी. माझा खरा संशय शेंगदाण्यावर होता, कारण आमच्या ताटात शेंगाचटणी नाही असा दिवस जात नाही आणि भाजीतही कूट असतेच. शेंगदाणा शून्य, अंडे शून्य, मासे शून्य, कोंबडी शून्य, आणि मटणापुढेही ‘श्रेणी ०’. वांगे आणि घरातील धूळ यांपुढे श्रेणी १ होती, म्हणून सासूबाईंनी वांगे बंद केले. ज्या डॉक्टरांना अहवाल दाखवला त्यांनी सांगितले की मटणाची अ‍ॅलर्जी असती तर खाल्ल्याबरोबर आली असती, पाच तास थांबली नसती. अहवालही तेच सांगतो आहे, तेव्हा मटण निर्धास्त खा. त्यांच्यावर माझा राग नाही. शेंगदाणा, अंडे, मासे यांची अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते, आणि बहुतेक डॉक्टरांच्या पाहण्यात तीच येते. पण त्या एका वाक्याने मी पुन्हा मटणाकडे वळले.

दसरा झाल्यावर, २० ऑक्टोबरच्या रविवारी, दुपारी घरी काळीज-गुर्दा परतून केला होता. मी वाटीभर खाल्ला, त्यातही गुर्दा जास्त. या वेळी पाच तास लागले नाहीत; दीड तासातच तळहात खाजू लागले. ती खाज आता मी ओळखत होते. गांधी दिसण्याआधीच आम्ही घराबाहेर पडलो आणि या वेळी दुसऱ्या रुग्णालयात गेलो. तिथे एक तरुण एम.डी. डॉक्टर होते. इंजेक्शन देऊन मी सावरल्यावर ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “ताई, प्रत्येक वेळचं जेवण किती वाजता झालं आणि खाज किती वाजता सुटली, एवढंच आठवून सांगा. काय खाल्लं ते नंतर बघू.”

मी हिशेबाची माणूस, पण माझ्या स्वतःच्या शरीराचा हिशेब मी लिहिला नव्हता. पतींनी मोबाइलमधले फोन केल्याचे वेळापत्रक, औषधाच्या दुकानाच्या पावत्या आणि कंदुरीचे फोटो यांवरून तो जुळवला. साडेआठ आणि दोन. साडेआठ आणि एक. दीड आणि तीन. डॉक्टरांनी कागदावर तीनही जोड्या लिहिल्या, शेवटच्या जोडीपुढे ‘गुर्दा’ असे लिहून त्याभोवती गोल केला आणि विचारले, “गेल्या वर्षभरात गोचीड चावली होती का?”

तो प्रश्न ऐकून मी गप्पच झाले. २०२३ च्या दिवाळीत माहेरी असताना शेळ्यांच्या गोठ्यात करडाला घेऊन मी बराच वेळ बसले होते. दुसऱ्या दिवशी गुडघ्यामागे तिळाएवढे काहीतरी चिकटलेले लागले, ते मी नखाने उपटून टाकले. त्या जागी गाठ आली आणि ती संक्रांतीपर्यंत खाजत राहिली. एवढ्या क्षुल्लक गोष्टीची नोंद कोण ठेवतो? ती गाठ आणि कंदुरीची रात्र यांच्यामध्ये तीन महिन्यांचे अंतर होते.

डॉक्टरांनी सांगितले की हा अल्फा-गॅलचा प्रकार असावा. अल्फा-गॅल ही एक शर्करा आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या मांसात ती असते. माणसात, वानरांत आणि आपल्याकडच्या माकडांत ती नसते. कोंबडीत आणि माशात नसते. काही जातींच्या गोचिडी चावल्यावर काही माणसांच्या शरीरात या शर्करेविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होतात, आणि मग तीच शर्करा मटणातून पोटात गेली की शरीर तिच्यावर तुटून पडते. ती चरबीशी जोडलेली असते आणि चरबी पचून रक्तात उतरायला काही तास लागतात, म्हणून प्रतिक्रिया उशिरा येते, असे मानले जाते. गुर्द्यात तिचे प्रमाण जास्त असते, म्हणून तिथे वेळ कमी लागतो.

त्यांनी रक्तचाचणी लिहून दिली आणि इथेच आमचे पंधरा दिवस गेले. सोलापुरातल्या एका संकलन केंद्रात मी चिठ्ठी दिली. काउंटरवरच्या मुलाने संगणकात ‘गॅल’ असे टंकून जे पहिले नाव आले ते निवडले. १,१५० रुपये भरले. नऊ दिवसांनी जो अहवाल आला तो रक्तातील गॅलॅक्टोजचा होता, म्हणजे नवजात बाळांच्या एका चयापचयाच्या विकारासाठी करतात ती चाचणी. पैसे परत मागितले तेव्हा ‘तुम्ही पावती तपासून घ्यायला हवी होती’ असे उत्तर मिळाले. म्हणून लिहून ठेवते: या चाचणीचे पूर्ण नाव ‘अल्फा-गॅल विशिष्ट आयजीई’ असे आहे आणि इम्युनोकॅप या रक्तातली आयजीई मोजण्याच्या पद्धतीत तिचा सांकेतिक क्रमांक ओ २१५ आहे. मटणाचा एफ ८८, कोंबडीचा एफ ८३. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून क्रमांक लिहून घ्या, नमुना मुख्य प्रयोगशाळेत जातो का ते विचारा आणि पैसे भरण्याआधी पावतीवरचे नाव अक्षर लावून वाचा.

त्या तरुण डॉक्टरांनीच मग पुण्यातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांचे नाव सुचवले. फोन केला तेव्हा २५ नोव्हेंबरची तारीख मिळाली. मला ती फार लांबची वाटली आणि मी आधीची मागितली, पण तिथल्या मदतनीस बाईंनी समजावले की तीव्र झटक्यानंतर साधारण चार आठवडे त्वचा ‘रिकामी’ असते, त्या काळात त्वचेवरची चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. तसेच चाचणीआधी सात दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायच्या होत्या, आणि सर्दीच्या गोळ्यांतही तेच औषध असते हे त्यांनी आवर्जून सांगितले. शेवटी त्या म्हणाल्या, “येताना कच्चं मटण, थोडा गुर्दा आणि कोंबडीचा तुकडा वेगवेगळ्या डब्यांत बर्फात घालून आणा. एक शिजवलेला मटणाचा तुकडाही आणा, मीठ-मसाला न घालता.”

सोमवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने आम्ही निघालो. चार लहान स्टीलच्या डब्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेले, आणि त्या सगळ्या बर्फाच्या पिशव्यांसह एका मोठ्या डब्यात. कुर्डुवाडीपर्यंत तो डबा मी मांडीवरच धरून बसले होते. माझ्या घरात ज्याचा वास आला की मुले चुलीभोवती घोटाळतात, ते मटण आता मला हातात धरायचीही भीती वाटत होती. खिडकीबाहेर पहात मी फक्त एवढेच म्हणत होते की आज काय ते निश्चित कळू दे, काहीही असो.

डॉक्टर बाईंनी तासभर प्रश्न विचारले. घरात मांजर आहे का? माशाने कधी तोंड खाजते का? अंड्याचा पिवळा भाग चालतो का, घरात पोपट-कबुतरे पाळली होती का? लहानपणी दुधाचा त्रास होता का? मला हे प्रश्न विषयाला सोडून वाटले आणि मी तसे म्हणालेही. तेव्हा त्यांनी जे समजावून सांगितले ते मला या सगळ्या प्रवासातले सर्वांत मोलाचे वाटते.

‘मांसाची अ‍ॅलर्जी’ असा एकच आजार नाही. मांसातला कोणता घटक शरीराला खुपतो त्यावर सगळे अवलंबून असते. गाईच्या रक्तद्रवातले अल्ब्युमिन हे प्रथिन दुधातही असते, म्हणून दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना गोमांसही बाधते. ते प्रथिन उष्णतेने बरेच नरम पडते, त्यामुळे नीट शिजवलेले कित्येकांना चालते. मांजराच्या अल्ब्युमिनची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना डुकराच्या मांसाने त्रास होतो, कारण दोन्ही अल्ब्युमिने सारखी दिसतात. पक्ष्यांच्या पिसांची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना अंड्याचा बलक आणि कोंबडी बाधते. माशाची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींना कोंबडीही चालत नाही, कारण माशातल्या पारव्हाल्ब्युमिन, इनोलेज, आल्डोलेज या प्रथिनांचे भाऊबंद कोंबडीच्या स्नायूतही असतात. आणि कोंबडीच्या स्नायूतले मायोसिनचे एक हलके प्रथिन असे आहे की ते शिजवूनही टिकते. शास्त्रज्ञ या प्रत्येक घटकाला प्राण्याच्या शास्त्रीय नावावरून नाव देतात: कोंबडी म्हणजे गॅलस डोमेस्टिकस, म्हणून तिचे घटक गॅल डी ५, गॅल डी ७, गॅल डी ८ असे, गाईचे बॉस डी ६. माझा त्रास मात्र प्रथिनाचा नसून शर्करेचा होता, आणि पॅनेलच्या पट्टीवर मांसाचा जो तयार अर्क असतो त्यात ती शर्करा पुरेशी नसू शकते. ‘मटण श्रेणी ०’ या शब्दांमागे कोणता घटक तपासला आणि कोणता तपासलाच नाही, हे अहवालावर लिहिलेले नसते.

या शर्करेच्या अ‍ॅलर्जीचा शोध लागला तो कर्करोगाच्या औषधामुळे, हेही त्यांनीच सांगितले. सेटुक्सिमॅब नावाच्या औषधाच्या पहिल्याच सलाइनला अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या बऱ्याच रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी येत होती. ते औषध उंदराच्या पेशींत तयार होते आणि त्यावर अल्फा-गॅल असते; रुग्णांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे औषध मिळण्याआधीपासूनच होती, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. २००९ मध्ये व्हर्जिनियातल्या स्कॉट कॉमिन्स, थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि सहकाऱ्यांनी मांस खाल्ल्यावर काही तासांनी येणाऱ्या झटक्यांशी तीच प्रतिपिंडे जोडून दाखवली, आणि ऑस्ट्रेलियात शेरिल व्हॅन न्यूनन यांनी अशा रुग्णांना आधी गोचीड चावलेली असते हे मांडले. म्हणजे हे ज्ञान जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे आहे. माझ्या मनातला आधीच्या डॉक्टरांविषयीचा उरलासुरला सल त्या क्षणी गेला.

त्वचेवरची चाचणी दुखत नाही. हाताच्या आतल्या बाजूवर पेनाने रेघा मारून प्रत्येक रेघेशी एकेक थेंब ठेवतात आणि त्यातून बारीक टोक टोचतात. ताज्या मांसासाठी ते टोक आधी मांसात आणि मग त्वचेत टोचतात. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तिथे काही उठता कामा नये; एक हिस्टामिनचा, तिथे उठलेच पाहिजे. पंधरा मिनिटे हात हलवायचा नाही. तेवढ्या वेळात मी माझ्या हातावर उत्तर उमटताना पाहिले. मिठाचे पाणी ०, हिस्टामिन ५ मिलिमीटर, मटणाचा तयार अर्क २, शिजवलेले मटण ३, कच्चे मटण ४, गुर्दा ७, कोंबडी ०, मासे ०. तीन मिलिमीटर किंवा अधिक असेल तर सकारात्मक धरतात. तयार अर्कावर विसंबले असते तर इथेही ‘मटण नाही’ असेच निघाले असते. गुर्द्याच्या जागी पांढरट, कडा फाटलेली गांधी उठली होती आणि तिच्याभोवती लाली पसरली होती. मी त्या हाताचा फोटो काढून ठेवला आहे. तिथे तीन तास बसवून ठेवले आणि मग सोडले.

रक्तही त्याच दिवशी दिले. तपासणी १,५००, त्वचेची चाचणी ३,५००, रक्तचाचणी ३,९०० रुपये. आधीचे पॅनेल, चुकीची चाचणी आणि प्रवास धरून, रुग्णालयातल्या दोन वेळा वगळता, एकूण खर्च साधारण १७,००० रुपयांपर्यंत गेला. ४ डिसेंबरला मोबाइलवर अहवाल आला: अल्फा-गॅल विशिष्ट आयजीई १८.६ किलोयुनिट प्रति लिटर. काही ठिकाणी ०.१ च्या, तर काही ठिकाणी ०.३५ च्या वर सकारात्मक मानतात. मी ऑफिसच्या टेबलावर बसून तो आकडा पाहिला आणि मला रडू आले. वाईट बातमीचे ते रडू नव्हते. दहा महिने मी रोज संध्याकाळी अंथरुणावर पडताना घाबरत होते, आणि आता निदान कशाला घाबरायचे ते कळले होते.

एक गोष्ट डॉक्टर बाईंनी बजावून सांगितली आहे. नुसती रक्तचाचणी सकारात्मक म्हणजे आजार नव्हे. रानात, गोठ्यात वावरणाऱ्या अनेकांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात आणि ते आयुष्यभर खुशाल मटण खातात. म्हणून माझ्या मुलांची आणि भावाची चाचणी करायला त्यांनी नकार दिला. त्रासाची हकिगत आणि चाचणी, दोन्ही जुळल्या तरच निदान होते.

विम्याचा भाग थोडक्यात सांगते. जुलैच्या बिलाचा दावा ‘पूर्वीच्या पित्ताच्या विकाराची कागदपत्रे द्या’ म्हणून अडला होता. पुण्याच्या डॉक्टर बाईंनी अर्ध्या पानाचे पत्र दिले, रुग्णालयाकडून अ‍ॅड्रिनॅलिन दिल्याची नोंद असलेल्या केसपेपरची शिक्क्यासह प्रत मिळवली, आणि ती जोडल्यावर ४७ दिवसांनी १२,३४० रुपये जमा झाले. पुण्याचा खर्च मात्र मिळाला नाही, कारण माझ्या पॉलिसीत घरी सोडल्यापासून ६० दिवसांपर्यंतचाच खर्च धरतात. मूळ बिले देण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स काढून ठेवा. विमा कंपनीने ती माझ्याकडे दोनदा मागितली.

आता घरात मटण वेगळ्या पातेल्यात होते आणि त्याची पळी वेगळी असते. कोंबडी, अंडी, मासे मी खाते. दूध-तुपाचा मला त्रास नव्हता, म्हणून ते चालू ठेवायला सांगितले; या आजारात काहींना तेही सोडावे लागते. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते, त्यामुळे जेली आणि कॅप्सूल घेताना विचारते. पुड्यावर हिरवे शाकाहारी चिन्ह असेल तर काळजी नसते, आणि औषधे शक्यतो गोळीच्या रूपात लिहून घेते. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना आधी सांगायचे आहे. आणि खेड्यात ये-जा असलेल्यांसाठी हे फार महत्त्वाचे: सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते आणि घोडाही सस्तनच. डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितले की साप चावला तर ती लस नाकारायची नाही, जीव तिनेच वाचतो. फक्त डॉक्टरांना आधी सांगायचे, म्हणजे ते अ‍ॅड्रिनॅलिन भरून तयार ठेवतील. हे सगळे लिहिलेली एक चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आधारकार्डाच्या मागे असते.

मला इंजेक्शनची तयार पेन मिळाली नाही. डॉक्टरांनी अ‍ॅड्रिनॅलिनच्या दोन काचेच्या कुप्या आणि सिरिंज लिहून दिल्या, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मिलिलिटर कसे द्यायचे ते माझ्या पतींना संत्र्यावर टोचायला लावून शिकवले. हा डोस माझ्यासाठी ठरवलेला आहे. तुमचा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. इंजेक्शन दिल्यावर आडवे व्हायचे, पाय उंच ठेवायचे, एकदम उठून चालायचे नाही आणि तरीही रुग्णालय गाठायचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा कुप्या गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत राहता कामा नयेत. आमच्याकडे त्या देवघराच्या खालच्या कपाटात, अंधाऱ्या जागी असतात, आणि त्यांची मुदत संपण्याचा महिना कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेला असतो.

गोचीड पुन्हा चावली नाही तर ही प्रतिपिंडे वर्षा-दोन वर्षांत उतरू शकतात, चावली तर वाढतात. आईला हे फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “तुला तर करडं घेतल्याबिगर करमत नव्हतं गं.” भावाने त्या आठवड्यात पशुवैद्यकांना बोलावून सगळ्या जनावरांवर औषध मारून घेतले आणि गोठ्याच्या भिंतींच्या फटी लिंपल्या. मी माहेरी जाते, पण गोठ्याच्या दाराशी थांबते. पूर्ण बाह्यांचा कपडा, मोज्यांत खोचलेली सलवार, आणि परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत वहिनी पाहून देते. गोचीड सापडली तर नखाने उपटायची नाही किंवा तेल, रॉकेल लावायचे नाही, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, हे आता घरातल्या मुलांनाही ठाऊक आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये रक्त पुन्हा तपासले. आकडा ७.९ आला. डॉक्टर बाई म्हणाल्या की दिशा चांगली आहे, पण मटण घरी चाखून पाहण्याचा विचारही करू नका. पुढे कधी करायचेच झाले तर ते रुग्णालयात, दिवसभर बसवून करू. या फेब्रुवारीत मावसभावाकडे पुन्हा कंदुरी झाली. वहिनीने माझ्यासाठी चुलीच्या दुसऱ्या बाजूला कोंबडीचा रस्सा वेगळा शिजवला होता आणि वाढतानाही ती स्वतःच वाढत होती, पळी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नव्हती. मी पोटभर जेवले. रात्री मला मध्येच जाग आली तेव्हा माझे पती उशाशी बसून घड्याळाकडे पाहत होते. अडीच वाजले होते. मी माझे दोन्ही तळहात त्यांच्यापुढे धरले, त्यांनी ते मोबाइलच्या उजेडात उलटून-पालटून पाहिले आणि मग ते झोपले.